मेंढरांत वाढलेला राखणदार

कुत्रा आणि लांडगा एकाच कुळातले. पळणाऱ्या जनावरामागे धावण्याची ओढ दोघांना सारखीच, आणि मेंढराचे मांसही दोघांना सारखेच गोड. तरीही किमान अडीच हजार वर्षे माणूस आपला कळप लांडग्यापासून वाचवण्यासाठी कुत्र्याच्या हवाली करत आला आहे. ह्यातला धोका जुन्या लोकांना नीट कळत होता. इ. स. पूर्व चौथ्या शतकात प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये आदर्श नगराच्या रक्षकांचा विचार करताना मेंढपाळाच्या कुत्र्यांचा दाखला दिला. उपासमारीने, बेशिस्तीने किंवा वाईट खोडीने जी कुत्री आपल्याच मेंढरांवर उलटतात आणि लांडग्यासारखी वागू लागतात, अशी कुत्री पाळणे ही मेंढपाळाला अत्यंत लाजिरवाणी गोष्ट आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय. हा दाखला ऐकणाऱ्यांना फोड करून सांगावा लागला नाही, त्या अर्थी कळपावर उलटणारे कुत्रे त्या काळच्या ग्रीसमध्ये सर्वांच्या परिचयाचे असावे. मग बहुतेक कुत्री उलटत का नव्हती? आज ह्याचे उत्तर म्हणून आपण ‘प्रशिक्षण’ हा शब्द उच्चारतो आणि डोळ्यांसमोर आज्ञा, साखळी, बक्षीस आणि मार येतो. पशुपालनाच्या इतिहासातला पुरावा वेगळीकडे बोट दाखवतो. कुत्रे मेंढरांत निर्धास्त सोडता येईल की नाही, हे त्याच्या आयुष्याच्या पहिल्या तीन महिन्यांत बरेचसे ठरून जात असे. ते कोणाच्या उबेला झोपले, कोणाचा वास घेत वाढले, ह्यावर ठरत असे. आज्ञा आणि धाक ह्यांचा वाटा नंतरचा, आणि त्यामानाने लहान. हे ज्ञान मेंढपाळांच्या हातात होते, आणि जिथे मेंढपाळाचे जगणे मोडले तिथे तेही मोडले, असे माझे म्हणणे आहे.

ह्या कसबाची सर्वांत तपशीलवार जुनी नोंद रोमन लेखक मार्कस टेरेन्टियस व्हॅरो ह्याची. ऐंशीच्या घरात असताना, इ. स. पूर्व ३७ मध्ये, त्याने शेतीवर तीन भागांचा ग्रंथ लिहिला आणि दुसऱ्या भागात कुत्र्यांना स्वतंत्र प्रकरण दिले. तो नुसता पुस्तकी माणूस नव्हता. त्याचे स्वतःचे कळप हिवाळ्यात अपुलियाच्या सपाटीवर चरत आणि उन्हाळ्यात रिआटेच्या डोंगरांत चढत. त्याच्या सल्ल्यातला मुख्य धागा असा, की कुत्रे घेताना ते कुठे वाढले ते पाहा. खाटकाकडचे कुत्रे घेऊ नये, कारण ते सुस्तावलेले असते आणि कळपामागे चालत नाही. शिकाऱ्याकडचे घेऊ नये, कारण ससा किंवा हरीण दिसताच ते मेंढ्यांना सोडून त्यामागे जाते. घ्यायचे तर मेंढपाळाकडून, मेंढरांमागे चालायची सवय लागलेले. नाहीतर कसलीच सवय न लागलेले, कोरे. खाण्याचे नियमही ह्याच काळजीतून आले आहेत. सातूची भाकर दुधात भिजवून द्यावी. मेलेल्या मेंढीचे मांस मात्र तोंडाला लागू देऊ नये, कारण एकदा चव कळली की कुत्र्याला स्वतःला आवरणे जड जाते. गळ्याला खिळ्यांचा जाड कातडी पट्टा असावा आणि खिळ्यांच्या डोक्यांखाली मऊ कातडे शिवावे, म्हणजे लोखंडाने कुत्र्याचीच मान सोलली जाणार नाही. असा टोकदार पट्टा इटलीतल्या अब्रुझ्झोच्या डोंगरांत आणि आपल्याकडे हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात आजही दिसतो. शिस्त म्हणावी असे ह्या प्रकरणात थोडेच आहे: पिल्लाला बांधून घेण्याची सवय लावावी, पट्टा कुरतडू लागले तर मारून ती खोड मोडावी. बाकीचा सगळा भर निवड, खाणे आणि सहवास ह्यांवर आहे.

व्हॅरोनेच सांगितलेली एक हकिकत वरवर पाहता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, म्हणून ती टाळून पुढे जाणे बरोबर नाही. आमिटेर्नुम गावच्या पुब्लिउस आउफिडिउस पोन्टिआनुस ह्याने दूरच्या उंब्रियात मेंढ्यांचे कळप विकत घेतले. सौद्यात कुत्री आली, मेंढपाळ आले नाहीत. त्यांनी फक्त कळप दक्षिणेला मेटापोन्टुमच्या कुरणांपर्यंत आणि हेराक्लेआच्या बाजारापर्यंत पोहोचवून द्यायचा होता. मेंढपाळ परतले, आणि काही दिवसांतच कुत्री कळप सोडून, वाटेत शेतांतून मिळेल ते खात, कित्येक दिवसांची वाट तुडवून उंब्रियात आपल्या माणसांकडे जाऊन पोहोचली. कुत्र्याची माणसाशी जडलेली सवय मेंढरांशी जडलेल्या सवयीपेक्षा पक्की असते, असा निष्कर्ष व्हॅरो काढतो. म्हणजे कुत्र्याची निष्ठा शेवटी धन्याशीच, मेंढरांशी नाही, असे म्हणावे का? मला ही हकिकत नेमकी उलट बाजूने वाचावीशी वाटते. रोमन इटलीत गुलाम मेंढपाळ रात्रंदिवस कळपासोबत असत. पिल्लू डोळे उघडे तेव्हा त्याच्याभोवती मेंढ्या असत तशीच माणसेही असत, आणि भाकर माणसाच्या हातून मिळे. कुत्री ज्यांच्यात वाढली त्यांच्याकडेच परत गेली. व्हॅरोला ह्यात माणसाचे वजन जास्त दिसले, कारण त्याच्या देशात मेंढपाळाशिवाय कळप ही गोष्टच नव्हती. जिथे माणूस वगळावा लागला तिथे काय झाले, हे पाहायला अठराशे वर्षे पुढे आणि अटलांटिकच्या पलीकडे जावे लागते.

नोव्हेंबर १८३३ मध्ये चोवीस वर्षांचा चार्ल्स डार्विन बांदा ओरिएंटालमध्ये, म्हणजे आजच्या उरुग्वेत, घोड्यावरून फिरत होता. तिथल्या मोकळ्या गवताळ मुलखात घरापासून, माणसापासून कित्येक मैल दूर मेंढ्यांचे मोठे कळप एकदोन कुत्र्यांच्या भरवशावर चरताना त्याला वारंवार दिसले. अशी मैत्री जुळते कशी, ह्याची त्याने चौकशी केली आणि जे ऐकले ते प्रवासवर्णनात नोंदवले. ते १८३९ मध्ये छापून आले. पिल्लू फार लहान असतानाच आईपासून तोडत. मेंढीला धरून ठेवून दिवसातून तीनचार वेळा पिल्लाला तिचे दूध पाजत. मेंढवाड्यात त्याच्यासाठी लोकरीचे अंथरूण करत. दुसऱ्या कुत्र्यांशी किंवा घरातल्या मुलांशी त्याला कधी खेळू देत नसत, आणि बहुतेक वेळा त्याचे खच्चीकरणही करत. असे वाढलेले कुत्रे कळप सोडून जायला बघत नसे आणि दुसरे कुत्रे धन्याचे रक्षण करते तसे मेंढ्यांचे करत असे. डार्विनने पाहिलेला पुढचा प्रसंग फार बोलका आहे. हे कुत्रे रोज मांसाचा तुकडा घ्यायला घराकडे येई, तुकडा मिळताच शेपूट घालून निघून जाई, आणि घरची कुत्री, त्यांतले सर्वांत लहानही, त्याच्या पाठीमागे लागत. पण कळपाशी पोहोचताच तेच कुत्रे वळून भुंकू लागे आणि पाठलाग करणारी सगळी पळ काढत. भुकेली रानटी कुत्र्यांची टोळीसुद्धा एका राखणदार कुत्र्याच्या कळपावर सहसा चालून जात नसे. डार्विनने ह्याचा उलगडा असा केला, की त्या कुत्र्याच्या लेखी मेंढ्या हे त्याचे भाऊबंद झालेले असतात; त्यांच्यात असताना त्याला बळ येते, आणि परक्या कुत्र्यांनाही ते आपल्या टोळीत उभे असल्यासारखे दिसते.

उरुग्वेतल्या ह्या पद्धतीचा प्रत्येक भाग कशासाठी होता ते नीट पाहिले पाहिजे, कारण तिच्यात आज्ञेला जागाच नाही. मैलोगणती परिसरात माणूस नसेल तर आज्ञा देणार कोण? मजुराची टंचाई आणि कुंपण नसलेली जमीन अशा देशात मेंढपाळाची जागा कुत्र्यानेच भरून काढायची होती. म्हणून व्हॅरोच्या कुत्र्यांना परत ओढून नेणारे सगळे धागे इथे सुरुवातीलाच कापले गेले. भावंडे नाहीत, माणसाची पोरे नाहीत, वयात आल्यावर मादीची ओढ नाही. उरल्या त्या मेंढ्या. हे बुद्धीने आखलेले काम आहे, आणि ते आखणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, ह्याचे वाईट वाटते. स्पेनमध्ये कळपवाल्यांचा ‘मेस्ता’ हा संघ १२७३ पासून १८३६ पर्यंत टिकला, आणि त्यांच्या लाखो मेरिनो मेंढ्यांबरोबर खिळ्यांचे पट्टे घातलेले मास्तीन कुत्रे उत्तर-दक्षिण चालत. मेंढ्याही स्पॅनिश वसाहतींबरोबरच दक्षिण अमेरिकेत उतरल्या. कुत्र्याची जात आणि देश बदलले, पण पिल्लाला मेंढरांत ठेवण्याची रीत टिकली.

पुढे विज्ञानाने ह्या रीतीला वय जोडले. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर ह्यांनी अनेक वर्षे पिल्लांवर अभ्यास केला आणि १९६५ मध्ये त्याचा ग्रंथ काढला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू ज्यांच्या सहवासात असते त्यांना ते आपले मानते. ही मुदत उलटली की नवे नाते जोडणे अवघड होत जाते, असे त्यांना आढळले. उरुग्वेतले गुराखी पिल्लाला ‘फार लहान’ असताना उचलत होते ते ह्याच मुदतीत. त्यांना आठवड्यांचा हिशेब कोणी शिकवला नव्हता. उशीर केलेली पिल्ले कशी निघतात हे त्यांनी पाहिले होते. आणि हे नाते फक्त मेंढीशीच जुळते असेही नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या वॉरनांबूलजवळच्या मिडल आयलंड ह्या बेटावर कोल्ह्यांनी छोट्या पेंग्विनांची संख्या २००५ पर्यंत दहाच्याही खाली आणली होती. २००६ पासून तिथे इटलीच्या मारेम्मा कुत्र्यांची राखण सुरू झाली आणि पेंग्विन पुन्हा वाढू लागले.

ह्यावर पहिला आक्षेप असा येतो, की हा सगळा रक्ताचा, म्हणजे जातीचा खेळ आहे. मारेम्मा, कांगल, पिरेनीज ह्या जाती शतकानुशतके राखणीसाठीच जोपासल्या गेल्या. दुसऱ्या जातीचे पिल्लू मेंढीच्या दुधावर वाढवले तरी ते राखणदार होणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. ब्रिटनमधली बॉर्डर कॉली जातीची कुत्री घ्या. नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग करणे ह्या शिकारीच्या पायऱ्या त्यांच्यात मुद्दाम तीव्र केल्या आहेत आणि चावणे, मारणे ह्या पायऱ्या दाबल्या आहेत. असे कुत्रे मेंढरांत वाढवले तरी मेंढ्या हलल्या की ते त्यांना वळवायला धावणारच. पण आक्षेपाला एक भक्कम उत्तरही आहे, आणि ते अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या नवाहो लोकांनी दिले आहे. त्यांच्या शेळ्यामेंढ्यांबरोबर असणारी कुत्री कोणत्याच नावाजलेल्या जातीची नसतात. सरमिसळ, मध्यम आकाराची, गावठी म्हणावी अशी असतात. पिल्ले लहानपणीच शेळ्यामेंढ्यांच्या वाड्यात ठेवायची, तिथेच खायला घालायचे आणि लाड फार करायचे नाहीत, एवढ्यावर ती कायोट नावाच्या रानकुत्र्याला कळपापासून दूर ठेवतात. हॅल ब्लॅक आणि जेफ्री ग्रीन ह्या अभ्यासकांनी १९८५ मध्ये ह्याची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. ग्रीन ह्यांनी पुढे रॉजर वुड्रफ ह्यांच्याबरोबर अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली तेव्हा राखणीच्या यशात जातीजातींत मोठा फरक दिसला नाही. काही जाती माणसांना जास्त चावत, एवढा फरक मात्र होता. तेव्हा रक्ताने मर्यादा ठरते हे मान्य. पण त्या मर्यादेच्या आत कुत्र्याचे काय होणार, हे वाढवण्यावर ठरते.

ब्रिटनची गोष्ट ह्या वादात वेगळी उपयोगी पडते. तिथे कुत्रे आज्ञेने चालवण्याची कला टोकाला गेली, आणि त्याला कारण आहे. केंब्रिजचे वैद्य जॉन कीझ ह्यांनी इंग्लंडच्या कुत्र्यांवर लिहिलेल्या लॅटिन पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर १५७६ मध्ये निघाले. आमच्या मेंढपाळाचे कुत्रे धिप्पाड नसते, बेताच्या अंगाचे असते, कारण इंग्लंडात लांडगा उरलेला नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. लांडगा गेला तशी राखणीची गरज गेली. मेंढ्या गोळा करून आणणारे, शिट्टीवर वळणारे कुत्रे हवे झाले. १८७३ मध्ये वेल्समधल्या बाला इथे अशा कुत्र्यांची पहिली मोठी स्पर्धा झाली, आणि ह्या कुत्र्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय संघ १९०६ मध्ये स्थापन झाला. आज ‘मेंढपाळ कुत्रे’ म्हटले की जगभर कॉलीचे चित्र डोळ्यांसमोर येते, आणि कुत्र्याला जनावरांत शहाणे करायचे म्हणजे आज्ञा शिकवायच्या ही समजूतही बऱ्याच अंशी तिथूनच पसरली. पण ते कुत्रे माणसाच्या नजरेखाली काम करते; त्याला रात्रभर कळपात एकटे सोडण्याची रीत तिथे नाही. राखणीची परंपरा तुटलेल्या त्याच देशात कुत्र्यांनी मेंढ्या फाडण्याचा प्रश्न इतका वाढला, की १९५३ मध्ये जनावरांच्या संरक्षणासाठी खास कायदा करून कुत्र्याच्या मालकाला गुन्हेगार ठरवावे लागले. आज्ञा शिकवण्यात जगाच्या पुढे असलेल्या समाजाला घरोघरची कुत्री मेंढरांत निर्धोक करता आली नाहीत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

दुसरा आक्षेप जास्त कठोर आहे. मेंढपाळांची कुत्री चांगली दिसतात, कारण वाईट निघालेली मारून टाकली जात. मेंढी फाडणाऱ्या कुत्र्याला दुसरी संधी कोण देणार? म्हणजे ज्याला आपण संगोपनाचे यश म्हणतो ती खरे तर निर्दय छाटणी आहे. ह्यात खोटे काही नाही. कळप हेच ज्याचे भांडवल, तो मेंढपाळ असे कुत्रे ठेवून घेणार नाही. संगोपन चोख असले तरी मध्ये एक अवघड काळ येतो, हेही खरे. डार्विननेच लिहिले आहे, की ही कुत्री तरुण असताना त्यांची सर्वांत त्रासदायक खोड म्हणजे मेंढ्यांशी खेळण्याची हौस. खेळाच्या भरात ती बिचाऱ्या मेंढ्यांना बेदम पळवतात. आजही राखणदार कुत्री पाळणारे सहा महिन्यांपासून वर्षदीड वर्षापर्यंतच्या काळाला सर्वांत जास्त घाबरतात. कान चावणे, लोकर उपटणे, कोकराला दमेपर्यंत पळवणे, आणि त्यात एखादे कोकरू मरणे. इथे माणसाची नजर, ओरडा, काही दिवस वेगळे बांधणे, खोडकर पिल्लाला वठणीवर आणणाऱ्या वयस्क मेंढ्यांत किंवा जाणत्या कुत्र्याबरोबर ठेवणे, हे सगळे लागते. म्हणून शिकवणे अजिबात नको, असे मी म्हणत नाही. पण छाटणीच्या आक्षेपाने एक गोष्ट उलगडत नाही. छाटणी हेच खरे कारण असते तर पिल्लू कधी आणि कुठे ठेवले ह्याने फरक पडायला नको होता. गावातले कोणतेही मवाळ कुत्रे मोठेपणी आणून कळपात सोडले तरी चालले असते. कोणत्याच देशातले मेंढपाळ असे करत नाहीत. व्हॅरोने खाटकाचे आणि शिकाऱ्याचे कुत्रे नाकारले ते दुसरीकडे, दुसऱ्या सवयींत वाढलेले होते म्हणूनच.

हे सगळे ज्ञान मुळापासून पुन्हा शिकावे लागण्याची वेळ विसाव्या शतकात अमेरिकेवर आली. तिथल्या मेंढीवाल्यांनी हिंस्र प्राण्यांचा प्रश्न सापळे, बंदुका आणि विषाने सोडवला होता. फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांनी हुकूम काढून केंद्र सरकारच्या जमिनींवर हिंस्र प्राण्यांना विष घालण्यावर बंदी आणली, आणि कायोटशी झुंजायचा दुसरा मार्ग शोधणे भाग पडले. आयडाहोतल्या डुबॉइस इथल्या सरकारी मेंढी संशोधन केंद्रात हंगेरीच्या कोमोन्डोर कुत्र्यांवर प्रयोग सुरू झाले. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजमध्ये रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर ह्या दांपत्याने इटली, युगोस्लाव्हिया आणि तुर्कस्तानातून पिल्ले आणून ती शेतकऱ्यांकडे ठेवायला दिली. विद्यापीठातली माणसे डोंगरातल्या निरक्षर मेंढपाळांकडे शिकायला गेली, हा ह्या कहाणीतला मला सर्वांत भावणारा भाग. कॉपिंजर ह्यांनी चांगल्या राखणदाराच्या तीन कसोट्या ठरवल्या. पहिली विश्वासूपणा, म्हणजे तो मेंढ्यांना इजा करत नाही. दुसरी लक्ष, म्हणजे तो त्यांच्या सोबत राहतो. तिसरी रक्षण, म्हणजे परक्याला हुसकावतो. पहिल्या दोन साधल्या तर तिसरी बहुतेक आपोआप साधते. ह्या प्रकल्पाचे अपयशही लपवलेले नाही: कितीतरी कुत्री लहान वयातच मेली, मुख्यतः अपघातांत. जुन्या देशांत मेंढपाळ सोबत असे. इथे कुत्रे एकटे होते. नामिबियातही ही विद्या अशीच पोहोचली. लॉरी मार्कर ह्यांच्या चित्ता संवर्धन संस्थेने १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन कुत्री द्यायला सुरुवात केली, म्हणजे शेळ्या वाचाव्यात आणि शेळ्यांपायी चित्ते मारले जाऊ नयेत.

आल्प्समधली गोष्ट कमी सुखाची आहे. फ्रान्समधून लांडगा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाहीसा झाला आणि तिथल्या मेंढपाळांनी राखणदार कुत्री ठेवणे सोडून दिले. नोव्हेंबर १९९२ मध्ये मर्कान्तूरच्या राष्ट्रीय उद्यानात इटलीतून आलेले लांडगे दिसले, तेव्हा ही विद्या जाणणारे हात तिथे उरले नव्हते. पिरेनीजची पांढरी कुत्री घाईने कळपांत आणली गेली. आता तिसरा आक्षेप ऐकू येतो तो तिथल्या पर्यटकांकडून: मेंढरांतच वाढवलेली, माणसाची ओळख नसलेली ही कुत्री डोंगरात फिरणाऱ्यांच्या अंगावर येतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. उरुग्वेत माणूस वगळला होता तो निर्मनुष्य माळावर. गजबजलेल्या डोंगरवाटेवर तोच नियम घातक ठरतो. म्हणूनच पिल्लाला माणसाचा स्पर्शच होऊ देऊ नये, हा सुरुवातीच्या काळातला सल्ला आता बदलला आहे. पिल्लाला हात लावू द्यावा, गळ्यात दोरी घालून घेता यावी, औषध देता यावे, परक्या माणसाला पाहून ते बिथरू नये, एवढी ओळख हवीच. तीही त्याच पहिल्या तीन महिन्यांत करून द्यावी लागते.

महाराष्ट्रात ह्या विषयाचा संबंध दूरचा नाही. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, सातारा जिल्ह्यांच्या माळांवर लांडगा अजून आहे आणि त्याचे बरेचसे पोट शेळ्यामेंढ्यांवर चालते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. त्याच माळांवरून धनगरांचे वाडे पावसाळा सरला की निघतात, कोणी कोकणात उतरतात, कोणी शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवतात, आणि प्रत्येक वाड्याबरोबर कुत्री असतात. जेजुरीच्या खंडोबाच्या घोड्यापायी कुत्रा आहे आणि त्याच्या संसारात धनगराची बाणाई आहे. ह्या समाजाच्या देवघरात कुत्र्याला मिळालेली जागा उगाच मिळालेली नाही. गुंथर सोन्थायमर ह्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे धनगरांचे देव आणि ओव्या गोळा करण्यात घालवली. तेवढ्याच आस्थेने त्यांची कुत्री वाढवण्याची रीतही लिहून ठेवली पाहिजे: पिल्लू कधी कळपात जाते, कोण खायला घालते, खोड कशी मोडतात, कोणते पिल्लू ठेवतात आणि कोणते देऊन टाकतात. कारण फिरती मेंढपाळी आक्रसते आहे, चराऊ माळ इमारती आणि कारखाने गिळत आहेत, आणि दुसऱ्या बाजूला गावाकडच्या मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या वाढत आहेत. त्या टोळ्या मेंढ्या फाडतात, लांडग्यांना रोग देतात, आणि पुणे जिल्ह्याच्या माळावर कुत्र्या-लांडग्याचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत दिसले आहे. कळपात वाढलेले कुत्रे आणि उकिरड्यावर वाढलेले कुत्रे ह्यांत रक्ताचा फरक असेलच असे नाही. फरक आहे तो पहिल्या तीन महिन्यांचा.

मेंढी मेल्यावर भरपाई मिळते ती आवश्यकच आहे. पण वनखाते आणि पशुसंवर्धन खाते ह्यांनी त्याच्या जोडीला दोन गोष्टी कराव्यात अशी कळकळीची मागणी आहे. धनगर वाड्यांवरच्या कुत्र्यांना डिस्टेंपर आणि रेबीजच्या लसी फिरत्या पथकांनी, वाडे जिथे उतरतील तिथे जाऊन, मोफत द्याव्यात. आणि वाड्यांवरच्या जाणत्या बायाबापड्यांना शिक्षक म्हणून मानधन देऊन त्यांच्याकडून ही विद्या नोंदवून घ्यावी, नव्याने शेळीपालन करणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचवावी. फ्रान्सला हरवलेली विद्या बाहेरून आणावी लागली. आपल्याकडे ती जाणणारी माणसे अजून आहेत, तोवरच हे काम होऊ शकते.